माहुलीपासून हरिपुरापर्यंत : घर सोडून गेलेल्या पूर्वजांचा माग

श्राद्धाच्या दिवशी घरातील कर्ता पुरुष दर्भ हातात घेऊन बसतो आणि तीन पिढ्यांची नावे उच्चारतो. बाप वसुरूप, आजा रुद्ररूप, पणजा आदित्यरूप, अशी त्यांची स्थाने शास्त्राने ठरवून दिलेली आहेत. आई, आजी व पणजी यांनाही नाव घेऊनच तिलोदक मिळते. पणज्याच्या पलीकडचे नाव उपाध्याय विचारीत नाहीत, आणि विचारले तरी यजमानास ते बहुधा सांगता येणार नाही. कुलाच्या प्राचीनतेचा ज्यांना मोठा अभिमान, अशा घरांतही चौथ्या पुरुषाचे नाव निघाले की वडीलधारी मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात.

घरात राहून, शेतीवाडी पाहून, पुत्रपौत्रांच्या देखत ज्यांनी देह ठेवला त्यांची ही अवस्था. मग घर सोडून जे गेले त्यांचे काय झाले असेल? प्रत्येक जुन्या घरात असा एक तरी पुरुष असतोच. पणजोबांचे धाकटे बंधू भावाशी भांडण झाले म्हणून रात्री उठून गेले; कोणी बैराग्यांच्या मागे लागला; कोणी पलटणीत नाव घातले; कोणी मुंबईस गेला, गोदीत काम करू लागला आणि एके दिवशी बोटीवर चढला. वंशवृक्षात त्याच्या नावाखाली रेघ ओढलेली नसते. वडील माणसे ‘तो गेला’ एवढेच म्हणतात. कोठे गेला, हे सांगणारे कोणी उरत नाही.

अशा माणसाचा माग लागतो काय, आणि लागत असेल तर कोणत्या वाटेने, हा या लेखाचा विषय आहे. त्यासाठी साताऱ्याजवळच्या माहुलीपासून सांगलीजवळच्या हरिपुरापर्यंत कृष्णेच्या काठाकाठाने जावयाचे आहे. परंतु निघण्यापूर्वी एका दूरच्या देशाकडे दृष्टी टाकणे अवश्य आहे. कारण घर सोडून गेलेल्या माणसाचा शोध घेण्याची विद्या तेथील लोकांनी बरीच पुढे नेली आहे.

तो देश स्वीडन. समुद्रावर पोट भरणारा हा मुलूख. तेथील कित्येक कुटुंबांत एखादा आजा किंवा पणजा व्यापारी जहाजावर खलाशी म्हणून गेलेला असतो, आणि त्याचे वंशज आज त्याचा पत्ता काढू लागले म्हणजे पुष्कळ वेळा यशस्वी होतात. याचे कारण त्यांची स्मरणशक्ती नव्हे, त्यांच्या वह्या. १६८६ साली तेथे एक धर्मविषयक कायदा झाला आणि प्रत्येक पाद्र्याने आपल्या हद्दीतील माणसांची टिपणे ठेवावीत असे ठरले. पाद्री घरोघरची माणसे जमवून, कोणास वाचता येते, कोणास धर्माची प्रश्नोत्तरे पाठ आहेत, याची परीक्षा घेई आणि वहीत प्रत्येकाच्या नावापुढे नोंद करी. त्याच ओळीत जन्म, विवाह, कोठून आला, कोठे गेला हेही येई. पुढे १७४८ पासून व्यापारी बंदरांतून खलाशांची नोंदणीगृहे निघाली, ती थेट १९६१ पर्यंत चालली. खलाशाचे नाव, वय, जहाज व हुद्दा तेथे लिहिला जाई; तेथे जमणाऱ्या पैशांतून आजारी व वृद्ध खलाशांना आणि त्यांच्या विधवांना साहाय्य मिळे. परक्या बंदरात एखादा जहाज सोडून पळाला तर तेही वहीत चढे. अशा रीतीने पळून गेलेला मनुष्यसुद्धा पळाल्याच्या तारखेपुरता सापडतो!

तरीही हा शोध सोपा नाही. जुन्या स्वीडनमध्ये सामान्य माणसास आडनाव नसे. अँडर्सचा मुलगा तो अँडर्सन, आणि त्याची बहीण अँडर्सडॉटर. पुढच्या पिढीत नाव पुन्हा बदले. आपल्याकडील स्वतःचे नाव व मागे बापाचे नाव, हीच ती तऱ्हा. त्यातून तो योहान योहान्सन इंग्रज जहाजावर चढला की तेथला कारकून त्यास जॉन जॉन्सन करून टाकी. आणि जॉन जॉन्सन तर हजारो. म्हणून शोध घेणारे नावावर विसंबत नाहीत. जन्मगाव, वय, आधीचे जहाज आणि तारीख या चार खुणा जुळल्या म्हणजेच तो आपला माणूस असे मानतात. इंग्रज व्यापारी जहाजांवरील माणसांच्या याद्याही टिकून आहेत. १८६३ ते १९३८ या काळातील सुमारे सात दशांश याद्या आज कॅनडातील न्यूफाउंडलंड येथील विद्यापीठात आहेत, काही लंडनच्या सरकारी दफ्तरात, आणि ज्या सनाच्या शेवटी पाचाचा आकडा येतो त्या वर्षांच्या याद्या ग्रिनिच येथील सागरी संग्रहालयात. एकाच माणसाचा प्रवास जुळवावयाचा तर तीन ठिकाणच्या दफ्तरांचे दार ठोठवावे लागते.

या खलाशांचा आणि आपला काहीच संबंध नाही असे मात्र नव्हे. स्वीडनमध्ये १७३१ साली पूर्वेकडील व्यापारासाठी एक कंपनी निघाली व ती १८१३ पर्यंत जिवंत होती. तिच्या एकशे बत्तीस सफरी झाल्या. बहुतेक चीनमधील कँटनला, पण काही जहाजे आपल्या किनाऱ्यालाही लागली. साताऱ्यास शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजी निवर्तले. पुढच्याच वर्षी ‘गोथा लेयॉन’ नावाचे स्वीडिश जहाज गोथेनबर्गहून निघाले आणि सुरतेस आले. त्यावरचा पाद्री ओलोफ तोरेन हा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसचा शिष्य. त्याने लिनियसला लिहिलेली पत्रे पुढे छापली गेली, आणि आपल्याकडच्या बागांत दिसणाऱ्या ‘टोरेनिया’ या जांभळ्या फुलझाडाच्या नावाने तो आजही ओळखीचा आहे. पाद्र्याचे नाव फुलाला मिळाले. शिडे ओढणाऱ्यांची नावे हजेरीच्या कागदावर राहिली. पण राहिली, हे महत्त्वाचे.

या सर्वांतून एक गोष्ट ध्यानात येते. कागद कोणाची आठवण राहावी म्हणून लिहिला जात नाही. लिहिणाऱ्याची काही गरज असते म्हणून लिहिला जातो. पाद्र्यास माणसाची धर्मनिष्ठा मोजावयाची होती, नोंदणीगृहास वर्गणी घ्यावयाची होती, जहाजाच्या मालकास पगार चुकता करावयाचा होता. या गरजांच्या जाळ्यात माणूस अडकला आणि म्हणून तो आपल्याला सापडतो. तेव्हा पूर्वजाचा शोध घेणाराने पहिला प्रश्न ‘तो कोठे गेला’ असा विचारू नये. ‘त्याचे नाव लिहून ठेवण्याची गरज कोणाला होती’ असा विचारावा. हा प्रश्न पदरी बांधून आता साताऱ्याकडे वळू.

साताऱ्याचे रेल्वे स्टेशन शहरापासून दूर, माहुलीच्या बाजूस आहे. त्यामुळे आगगाडीने येणाऱ्यास शहराआधी नदीचेच दर्शन घडते. येथे वेण्णा कृष्णेला मिळते. दोन्ही तीरांवर काळ्या दगडाचे रुंद घाट आणि देवळे आहेत. न्यायनिष्ठुर रामशास्त्री प्रभुणे याच गावचे. शाहू महाराजांच्या देहाला अग्नी येथेच दिला आणि राणी सकवारबाई येथेच सती गेली. छत्रपतींच्या कुळातील समाध्या या संगमावर आहेत. सकाळच्या वेळी घाटावर उभे राहिले की कोठे दशक्रिया चाललेली असते, कोठे अस्थिविसर्जन. मृताचे गोत्र आणि नाव पाण्याच्या काठी मोठ्याने उच्चारले जाते आणि पाणी ते घेऊन सांगलीकडे निघून जाते.

पण सारीच नावे पाण्यात जात नाहीत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया, पंढरपूर अशा क्षेत्री तीर्थोपाध्यायांच्या घरी लांबट वह्या असतात. गाव, आडनाव, गोत्र सांगितले की उपाध्याय वही काढतात आणि पन्नास-शंभर वर्षांमागे आलेल्या आपल्याच पुरुषाने स्वहस्ते लिहिलेले चार ओळींचे टिपण पुढे ठेवतात: अमका, अमक्याचा मुलगा, अमक्याचा नातू, बंधू अमुक व अमुक, मुलगे अमुक, यात्रेस आलो. कित्येकांना आपल्या निपणज्याचे नाव प्रथम अशा वहीतच आढळते. येथेही गरज आहेच. यजमान आपला आहे, दुसऱ्या उपाध्यायाचा नव्हे, याचा तो पुरावा असतो. उत्तरेकडील हरिद्वारच्या अशाच वह्यांच्या छायाचित्रफिती अमेरिकेतील युटा येथील वंशावळ-मंडळाने करून नेल्या आहेत, यावरून या कागदाची किंमत कळून येईल. घर सोडून गेलेल्या भावाचे नावसुद्धा या वह्यांत सापडण्याचा संभव असतो. कारण भाऊ दूर गेला तरी यात्रेकरू ‘बंधू अमुक’ असे लिहितोच. जेथे घरातल्यांनी नाव टाकले तेथे तीर्थाने ते राखले, असे कधी कधी घडते.

माहुलीहून शहरात आले की अजिंक्यतारा डोक्यावर येतो. या गावात दत्तात्रय बळवंत पारसनीस राहिले व येथेच त्यांनी जुन्या कागदांचा, चित्रांचा व दुर्मिळ पुस्तकांचा केवढा तरी संचय केला. १९२५ साली त्या संग्रहासाठी साताऱ्यात ऐतिहासिक संग्रहालय उघडले; १९३९ मध्ये तो संग्रह पुण्यास डेक्कन कॉलेजात गेला. सह्याद्रीच्या या अंगास, समुद्रापासून एवढ्या दूर बसलेल्या या गृहस्थाने मराठ्यांच्या आरमाराचा इतिहास लिहिला, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठी सूचक आहे. समुद्रावर गेलेल्या माणसाचा कागद समुद्रकाठीच सापडतो असे नाही. विजयदुर्गचे आनंदराव धुळप पेशव्यांचे चाकर. तेव्हा गलबतावरच्या माणसांचा खर्च, जखमी झालेल्यांची नावे, मेलेल्यांच्या मुलाबाळांची तरतूद यांचा हिशेब अखेर घाट चढून पुण्याच्या दफ्तरात येई. एखाद्या घरात ‘आमचा एक पुरुष दर्यावर होता’ अशी नुसती वदंता असेल तर पेशवे दफ्तराची वाट विसरू नये.

साताऱ्यातून समुद्रापलीकडे गेलेला सर्वांत प्रसिद्ध पुरुष मात्र दर्यावर्दी नव्हता, वकील होता. १८३९ साली प्रतापसिंह छत्रपतींना इंग्रजांनी पदच्युत केले व काशीस पाठविले. त्यांची कैफियत मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. सोबती परतले, धनी १८४७ साली काशीस वारले, १८४८ त सातारचे राज्य खालसा झाले. तरी हा मनुष्य तेथेच ठाण मांडून बसला. १८४० ते १८५३ अशी तेरा वर्षे त्यांनी परक्या गावी काढली. कंपनीच्या भागीदारांच्या सभेत वाद घातले, जॉर्ज टॉमसन व जोसेफ ह्यूम यांच्यासारख्यांचे साहाय्य मिळविले, अर्जांमागून अर्ज केले. परिणामी त्यांचे नाव पार्लमेंटापुढे आलेल्या कागदांत, सभांच्या छापील वृत्तांतांत जागोजाग आढळते. लंडनमधले रंगो बापूजी आपल्याला जवळजवळ महिन्यागणिक दिसू शकतात.

आणि मग १८५७ साल येते. साताऱ्यातील कट उघडकीस आला. ८ सप्टेंबर १८५७ रोजी गेंडामाळावर सतरा जणांना देहान्त शासन झाले. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. स्वतः रंगो बापूजी त्याआधीच निसटले होते. सरकारने शोध केला, बक्षीस लावले. पण ते पुन्हा कोणाच्या हाती लागले नाहीत. ज्याचे नाव सात समुद्रांपलीकडच्या दफ्तरात पानोपानी, त्याचा शेवट त्याच्या स्वतःच्या मुलखात कोणाला कळला नाही! जोपर्यंत त्यांना कागदाची गरज होती तोपर्यंत कागद बोलला. ज्या दिवशी कागदापासून लपणे हीच त्यांची गरज झाली त्या दिवशी तो मुका झाला. पूर्वजांचा शोध घेताना एखादा माग एकाएकी तुटला तर आळस किंवा वाळवी यांनाच दोष देऊ नये. तो मनुष्य आपणहून नाहीसा झाला असेल, आणि तसे होण्यास त्याला सबळ कारण असेल, हाही विचार करावा.

आपल्या समाजात आणखी एक कारण होते. समुद्रपर्यटन निषिद्ध मानलेले. रघुनाथरावांनी इंग्लंडला धाडलेले हणमंतराव नावाचे ब्राह्मण वकील १७८१ च्या सुमारास लंडनमध्ये होते आणि एडमंड बर्क या थोर वक्त्याने त्यांची आस्थेने विचारपूस केली, ही गोष्ट इतिहासात नमूद आहे. परंतु असे उदाहरण विरळा. सामान्य घरातील तरुण बोटीवर गेला तर प्रायश्चित्त, पंक्तिव्यवहार, बहिणींची लग्ने असे नाना प्रश्न उभे राहात. घरच्यांनी त्याचे नाव वंशावळीतून मुद्दाम गाळले, किंवा ‘लहानपणी वारला’ असे लिहिले, तर त्यात नवल नाही. स्वीडनचा पाद्री पळून गेलेल्याची नोंद करीत होता. आपल्याकडे ती पुसली जात होती. आपल्या वंशावळींतील रिकाम्या जागा या नेहमीच विस्मृतीच्या नसतात, काही लज्जेच्या असतात. आणि त्या भरून काढणे हे वंशजांच्या हातचे पितृऋण आहे असे आम्हांस वाटते.

साताऱ्याहून गाडी निघते ती कोरेगाव, रहिमतपूर, कऱ्हाड करीत कृष्णेच्या खोऱ्याने उतरत जाते. कऱ्हाडास कोयना येऊन मिळते. पुढे ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी अशी स्टेशने. उसाचे मळे दुतर्फा लागतात, माती काळी होत जाते. भिलवडीजवळ नदीपलीकडे औदुंबर आहे. किर्लोस्करवाडी म्हणजे १९१० साली कुंडलच्या माळावर वसलेली कारखान्याची वाडी. तेव्हा हा मुलूख औंध संस्थानात होता. येथूनच १९२० साली ‘किर्लोस्कर’ मासिक निघाले आणि १९३० साली ‘स्त्री’.

या प्रवासात जिल्ह्याची सीमा ओलांडली जाते, पण ती ओलांडल्याचे कोणास कळत नाही. माग काढणाऱ्यास मात्र ती सीमा पक्की ठाऊक पाहिजे. आज आपण ज्याला सांगली जिल्हा म्हणतो तो १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ या नावाने निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. त्यापूर्वी तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच मोडत. सांगली, मिरज, जत, औंध ही संस्थाने वेगळी. म्हणून एखाद्या पलटणीच्या किंवा बोटीच्या यादीत ‘जिल्हा सातारा’ असे दिसले तर तो मनुष्य आजच्या साताऱ्याचाच असेल असे नाही, तासगावचाही असेल. उलट ज्याच्या पुढे ‘संस्थान औंध’ असे असेल तो कुंडलचा निघावा. कित्येकांचा शोध केवळ या एका गोष्टीपायी चुकीच्या गावाच्या चावडीवर जाऊन थांबतो. स्वीडिश लोक नावाऐवजी गावास धरून राहतात म्हणून वर सांगितले. पण आपल्याकडे गाव जागेवर राहिले आणि जिल्हा त्याच्या भोवतीने सरकला.

पलटणीचा विषय निघालाच आहे. सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे, त्यास लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे शेहेचाळीस जण कामी आले व त्यांच्या स्मरणार्थ तेथे स्तंभ आहे. शिपायांची आठवण अशी गावोगावच्या दगडांवर राहिली. खलाशांच्या वाट्यास हे भाग्य क्वचितच आले, कारण त्यांना माती लाभली नाही. मुंबईस मशीदबंदराजवळ भारतीय खलाशांचे जे वसतिगृह आहे, तेथे पहिल्या महायुद्धात समुद्रात बुडालेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची नावे कोरून ठेवली आहेत. दुसऱ्या महायुद्धात मरण पावलेल्या सुमारे सहा हजार व्यापारी खलाशांची नावे स्मरणग्रंथात आहेत. यांतील फार मोठा भाग कोकणच्या व पूर्व बंगालच्या किनाऱ्यांवरील गरीब घरांचा. ही नावे आज घरबसल्याही पाहता येतात. पण येथेही तोच अनुभव येतो. नावे कारकुनाच्या कानास जशी ऐकू आली तशी इंग्रजीत उतरलेली. शोधणाऱ्याने ती मोठ्याने वाचून पाहावीत. डोळ्यांस अनोळखी वाटणारे नाव कानास एकदम ओळखीचे लागते.

आता सांगली येते. १८०१ साली चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन मिरजेहून वेगळे झाले आणि कृष्णाकाठचे हे लहानसे गाव राजधानी झाले. १८४३ मध्ये त्यांच्याच आश्रयाने विष्णुदास भावे यांनी येथे मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला. पण पटवर्धनांचे मूळ येथले नव्हे. रत्नागिरीजवळ, समुद्राच्या वाऱ्यात वसलेले कोतवडे हे त्यांचे गाव. तेथून हरभट नावाचे एक निर्धन, व्रतस्थ ब्राह्मण घाट चढून वर आले आणि इचलकरंजीकर घोरपड्यांचे उपाध्याय झाले. त्यांच्या मुलांनी पेशव्यांच्या लष्करात तरवार गाजविली, आणि १७६४ मध्ये थोरल्या माधवरावांनी गोविंद हरींना मिरजेकडील सरंजाम दिला. म्हणजे हे सारे वैभव घर सोडून गेलेल्या एका माणसापासूनच सुरू होते. फरक एवढाच, की त्याची मुले कर्तबगार निघाली, म्हणून त्याचे जाणे हे ‘प्रस्थान’ ठरले. त्याच काळी त्याच किनाऱ्यावरून निघालेल्या आणखी कितीकांचे जाणे ‘परागंदा होणे’ ठरले असेल!

पटवर्धनांचे कागद टिकले आणि त्यांना वाचणाराही भेटला, हे महाराष्ट्राचे भाग्य. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकविणारे वासुदेव वामन खरे हे मूळ गुहागरचे. अध्यापनातून वेळ काढून त्यांनी मोडी पत्रांच्या राशी उपसल्या आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या मालेने त्या पत्रांना प्रकाश दाखविला. १९२४ साली ते वारेपर्यंत हे काम चालू होते. त्या पत्रांत सरदारांच्या मसलती तर आहेतच. पण मध्येच एखादा जासूद, कारकून, वैद्य, आश्रित ब्राह्मण यांचे नाव चमकून जाते. कोणाला दोन रुपये दिले, कोणाची चिठ्ठी पोचली नाही, कोण ज्वराने पडला आहे. शोध घेणाऱ्या वंशजास ही एक ओळ सबंध लढाईहून मोलाची.

सरदार घराण्यांच्या कागदांत ज्यांचे नाव नाही त्यांच्यासाठी जमिनीचे कागद आहेत. इंग्रजांनी १८५२ च्या कायद्याने इनामांची चौकशी आरंभली, तेव्हा इनाम खाणाऱ्या प्रत्येक घराला ते कोणी, केव्हा, कशासाठी दिले हे दाखवावे लागले. लोकांनी कैफियती लिहिल्या, वंशावळी जोडल्या, सनदांच्या नकला दिल्या. त्या वेळी लोक रडले. आज तोच कागद वंशजांच्या उपयोगी पडतो. वतनी कागदांत तक्षिमदार भावांची नावे असतात आणि गैरहजर भावापुढे ‘परागंदा’ असा शेरा असतो. प्रेमाने जे विसरले ते हिश्शाच्या भीतीने लिहून ठेवले! हे वाचून हसू येते. पण त्या एका शब्दानेच कोणा हरवलेल्या पणजोबाच्या भावाचे नाव दोनशे वर्षे जगलेले असते. हे कागद मोडीत आहेत. प्रत्येक घराण्यात एकाने तरी मोडी शिकावी. चार-सहा महिन्यांच्या अभ्यासाने ती येते, आणि नाही आली तर आजोबांनी जपून ठेवलेले दप्तर फडक्यात बांधलेल्या रद्दीहून अधिक काही राहात नाही.

सांगलीपासून थोड्या अंतरावर हरिपूर आहे. चिंचेच्या झाडांच्या रस्त्याने तेथे जातात. संगमेश्वराच्या देवळापुढे वारणा कृष्णेला मिळते. माहुलीस पाण्यात सोडलेले नाव येथे पोचले असे मनात आणले, तर वाटेत त्याला कोयना मिळाली, वारणा मिळाली, आणि आता ते कोणते पाणी हे सांगता येत नाही. वंशाचेही असेच आहे. आपण वंशवृक्ष काढतो तो एकाच धारेचा. कुलवृत्तान्त उघडून पाहावा. बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू. येऊन मिळालेल्या नद्यांची नावे कंसात. लग्नात मुलीचे नाव बदलले, मग माहेरच्या वंशावळीत ती ‘कन्या एक’ आणि सासरच्या वंशावळीत कोणाची तरी ‘प्रथम संबंधाची’. घर सोडून गेलेला पुरुष एखाद्या घरात एक. पण घर सोडून गेलेली मुलगी प्रत्येक घरात, प्रत्येक पिढीत आहे. तिचा माग काढणारा कोण? श्राद्धाच्या संकल्पात आई, आजी, पणजीची नावे येतात, मातामहांची येतात. धर्माने जेवढी जागा त्यांना दिली तेवढीही आपल्या छापील वंशावळींनी दिली नाही. नव्या पिढीने कुलवृत्तान्त सिद्ध करताना प्रत्येक सुनेचे माहेरचे नाव व गाव आणि प्रत्येक लेकीचे सासर पूर्णपणे द्यावे. तसे केले तर तुटलेले कित्येक माग दुसऱ्या घराच्या कागदांतून जुळतील.

आणि ज्या घरी अद्याप काहीच लिहिलेले नाही, तेथे आजच एक वही करावी. घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीजवळ बसावे. पुरुषांपेक्षा त्यांना नाती अधिक ठाऊक असतात. तिला ज्यांची नावे आठवतात ती लिहावी. गाव, तालुका आणि त्या वेळचा जिल्हा किंवा संस्थान लिहावे. कोण कोणत्या साली घर सोडून गेला, का गेला असे लोक म्हणतात, शेवटचे पत्र कोठून आले, हे न लाजता लिहावे. आज आपली मुले गोथेनबर्गपासून कॅलिफोर्नियापर्यंत पसरली आहेत. चार पिढ्यांनी तेथला एखादा तरुण साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या स्टेशनावर उतरेल आणि चुकीच्या उच्चारात एक आडनाव विचारील. त्या वेळी त्याला दाखवावयास आपल्या घरात एक ओळ तरी असावी.

तर्पणाच्या शेवटी, नावे संपल्यावर, एक ओंजळ अशांसाठी सोडतात की ज्यांना कोणी नाही व ज्यांचे नाव कोणास ठाऊक नाही. हरिपूरच्या संगमावर ती ओंजळ नेहमी सोडली जाते. ती सोडावीच, पण तिच्यात ज्याचे नाव आपण थोड्या खटपटीने शोधून काढू शकलो असतो असा आपल्या घरचा कोणी राहू नये.